उत्पादकता कोणाची मोजायची?



दर दहा-वीस वर्षांनी दिल्लीला कापसाच्या उत्पादकतेची आठवण होते. फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान निघाले. त्याच्या पोटात आणखी चार अभियाने होती: संशोधनाचे एक, शेतकऱ्याला शिकवण्याचे एक, बाजार समित्यांच्या आवारांचे एक आणि जिनिंग-प्रेसिंगचे एक. पुढे २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचे कापूस उत्पादकता अभियान जाहीर झाले. भाषणाचा सूर ठरलेला असतो. जगात सर्वात जास्त क्षेत्रावर कापूस आपण पेरतो, पण हेक्टरी उत्पन्न जगाच्या निम्म्याच्या थोडे वर. म्हणून गिरण्यांना कच्चा माल पुरेसा मिळत नाही, म्हणून कापड महाग पडते, म्हणून देश जगाच्या बाजारात मागे पडतो. ऐकणाऱ्याला वाटावे, हिंदुस्थानची सारी स्पर्धा यवतमाळ, परभणी आणि जळगावच्या शेतकऱ्याने बुडवली.

आकडा खोटा नाही, तो आधी कबूल करू. जगाची सरासरी हेक्टरी ८०० किलो रुईच्या आसपास आहे. आपल्या देशाची साडेचारशेच्या आसपास आणि महाराष्ट्राची साडेतीनशेच्या आगेमागे. एकराच्या भाषेत बोलायचे तर महाराष्ट्राचा कोरडवाहू शेतकरी एकरी चार क्विंटल कापूस वेचतो. ब्राझीलचा शेतकरी अठरा-वीस क्विंटल वेचतो. हा फरक 'आपली माणसे आळशी' म्हणून पडत नाही आणि 'आपली जमीन वाईट' म्हणूनही पडत नाही. मग कशाने पडतो?

मी शेतकी पदवी घेतली आहे. उत्पादकता या शब्दावर माझे अर्धे शिक्षण झाले. पदवीनंतर पहिली दोन-तीन वर्षे मी प्रात्यक्षिकाचे प्लॉट दाखवत हिंडलो. एका प्लॉटवर एकरी चौदा क्विंटल निघाले होते. गावकऱ्यांना गाडीत भरून आणले, बोंडे मोजून दाखवली, खताचे तक्ते वाटले. सगळे मुकाट्याने ऐकत होते. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं सारं बराबर हाये. पन थे मागची इहीर बी पाकिटात भरून देता का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या तक्त्यांकडे पाहवेना. प्लॉटला तीन पाणी दिले होते आणि आमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कोणी शेतकऱ्याची उत्पादकता मोजू लागला की मी विचारतो, या मोजणीत सरकारचा रकाना कुठे आहे? एकरी किती क्विंटल निघाले हे जसे मोजता येते, तसेच वर्षाला किती कामाचे वाण दिले, किती निर्णय वेळेवर केले आणि किती निर्णय करून मोडले, हेही मोजता येते. कोणी मोजत नाही, एवढेच.

ब्राझीलचेच घ्या, कारण सगळी भाषणे ब्राझीलवर येऊन थांबतात. आधी एक खुलासा. ब्राझीलचा कापूस बहुतांशी पावसाच्या पाण्यावरच होतो, हे खरे. पण त्यांच्या मातो ग्रोसो राज्यातला पाऊस म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या दुप्पट. तो तालासुरात पडतो. एकेकाची शेती हजारो हेक्टरची आणि वेचणी यंत्राने. तेव्हा 'ब्राझीललाही कोरडवाहूच आहे' असे जो सांगतो, त्याने एकदा मे महिन्यात बीड जिल्ह्यात उभे राहून ते सांगावे.

तरीही ब्राझीलकडून शिकण्यासारखे आहे, कारण हाच ब्राझील १९९० च्या दशकात कापूस आयात करत होता. १९८३ साली तिथे बोंडावरचा सोंडा भुंगा आला आणि जुना कापूसपट्टा उद्ध्वस्त झाला. पुढे आयात खुली झाली, तेव्हा परदेशी कापसाने बाजार भरला. तिथून २०२३-२४ च्या हंगामात अमेरिकेला मागे टाकून जगातला पहिल्या क्रमांकाचा कापूस निर्यातदार होण्यापर्यंत तो देश आला. यात तिथल्या सरकारने काय केले? १९७३ मध्ये एम्ब्रापा ही शेती संशोधनाची संस्था काढली आणि तिला दशकानुदशके पैसा पुरवला. सेराडो नावाचा आंबट जमिनीचा ओसाड प्रदेश चुना, स्फुरद आणि योग्य वाण यांच्या जोरावर पिकाखाली आला. जनुक बदललेल्या कापसाला परवानगी त्यांनी २००५ मध्ये दिली, म्हणजे आपल्यानंतर तीन वर्षांनी. पण दिल्यावर थांबले नाहीत.

आणखी एक काम त्यांनी केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदान देते आणि त्यामुळे जगात भाव पडतात, हे आपणही सांगत आलो. ब्राझील ते सांगत बसला नाही. २००२ मध्ये त्याने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर फिर्याद केली. २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. अमेरिकेने टाळाटाळ केली तेव्हा अमेरिकी मालावर जबर कर लावण्याची परवानगी मिळवली. अखेर २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ लागली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले. तो पैसा कापसाच्या कामासाठी गेला. परदेशी खजिन्याशी भांडणे हे कोणा शेतकऱ्याला एकट्याने जमणारे काम नाही. ते सरकारचेच काम, आणि तिथल्या सरकारने ते केले.

आता आपल्याकडचा हिशोब.

आपल्या सरकारी संशोधनाने कधी काही केलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ काढला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. नांदेडच्या केंद्रातून आलेला नांदेड ४४ कोरडवाहू शेतकऱ्याने डोक्यावर घेतला. तुडतुड्यांना दाद देत नसे, पावसाचा खंड सोसत असे. पुढे मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मी त्याच सुमारास कॉलेजातून बाहेर पडत होतो, म्हणून तो काळ चांगला आठवतो. फवारणीने कंटाळलेला शेतकरी बीटीकडे धावला आणि त्याचे बरोबरच होते. देशाचे उत्पन्न २०००-०१ मध्ये हेक्टरी २७८ किलो होते, ते २००७-०८ पर्यंत साडेपाचशेवर गेले. पाऊस बरा होता, नवी धरणे आणि शेततळी होती, गुजरातेत ठिबक आले, नवी कीटकनाशके आली. सगळे श्रेय एकट्या बीटीचे नाही, पण मोठा वाटा तिचा.

मग चाक कुठे रुतले? नांदेड ४४ मध्ये बीटीचे जनुक घालून तो शेतकऱ्याच्या हाती परत यायला दीड दशक गेले. तोवर बाजारात शेकडो खाजगी संकरित वाण आले होते आणि त्यातला कोणता कोरडवाहू हलक्या जमिनीचा, कोणता भारी काळ्या रानाचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हते. सरकारी संस्थांनी बिकानेरी नरमा बीटी नावाचे सरळ वाण काढले होते. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. २००९ मध्ये ते बियाणे शेतकऱ्यांना दिले गेले आणि लगेच मागे घेण्यात आले, कारण त्यात खाजगी कंपनीचेच जनुक आढळले. चौकशी समिती बसली, अहवाल आला. पण शेतकऱ्याला मिळायचे ते सरळ वाण बुडाले आणि तो प्रयत्न पुन्हा तितक्या जोमाने उभा राहिला नाही.

याचे महत्त्व काय, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण माझ्या मते कोरडवाहू कापसाचे दुखणे इथेच आहे. जगात जवळजवळ सगळीकडे कापूस सरळ वाणाचा पेरतात. जवळपास संपूर्ण क्षेत्र संकरिताखाली असलेला मोठा देश आपला एकटा. संकरित बियाणे हाताने परागीकरण करून तयार होते, म्हणून महाग. महाग म्हणून विरळ पेरायचे. चार बाय दोन फुटांवर लावले तर एकरात साडेपाच हजार झाडे बसतात. ब्राझीलमध्ये तीस-चाळीस हजार. विरळ झाड मोठे होते, फांद्या फेकते, दीडशे दिवसांनंतरही पाते धरत राहते. ओलिताखाली ते ठीक. पण कोरडवाहूत ऑक्टोबर संपता संपता जमिनीतली ओल सरते आणि आपले झाड नेमके त्याच वेळी बोंडे भरत असते. वर पऱ्हाटी हिरवी दिसते, आत बोंड पोचट. दर झाडाला पन्नास बोंडे धरण्यापेक्षा पाचपट झाडांना दहा-दहा बोंडे धरून ती ओल असेतो पक्की करणे, हे कोरडवाहूचे गणित. त्याला लवकर येणारे, ठेंगणे, सरळ वाण लागते आणि बियाणे इतके स्वस्त लागते की दाट पेरताना हात थरथरू नये. सघन लागवडीचा प्रचार आता खुद्द सरकारच करते, पण २०२५ च्या हंगामात बोलगार्ड-२ च्या पाकिटाची ठरलेली किंमत ९०१ रुपये होती आणि दाट पेरायचे तर पाकिटे काही पट लागतात. म्हणजे औषध लिहून दिले आणि दुकान बंद ठेवले.

दुसरे चाक रुतले ते २००६ नंतर. त्या वर्षी बोलगार्ड-२ आले आणि त्यानंतर त्यापुढचे एकही मोठे तंत्रज्ञान कायदेशीरपणे शेतापर्यंत पोचले नाही. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली गेली आणि सगळी परवानगीची यंत्रणाच थिजली. २०१५ च्या अखेरीस केंद्राने बियाण्याच्या किमती आणि कंपन्यांचा तंत्रज्ञान-मोबदला बांधायचा हुकूम काढला. २०१६ मध्ये मोन्सॅन्टोने तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा परवानगीचा अर्जच मागे घेतला. इथे आपल्यापैकी काहींना माझे बोलणे आवडणार नाही. पाकिटाची किंमत बांधली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्या मालाची किंमत सरकारने बांधली की आपण रस्त्यावर येतो आणि दुसऱ्याच्या मालाची बांधली की पेढे वाटतो. मक्तेदारी मोडायचा खरा उपाय होता सरकारी सरळ वाण बाजारात आणून उभे करणे. ते अवघड होते. हुकूम काढणे सोपे होते.

परिणाम काय झाला, ते गावोगाव दिसते. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. म्हणून तणनाशक सहन करणारे बियाणे चोरून येते. पाकिटावर कंपनीचे नाव नसते, दुकानदार पावती देत नाही. उगवले तर नशीब, नाही उगवले तर तक्रार कोणाकडे करायची? पेरणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायची भीती वेगळीच. सरकारने तपासून एकतर 'हे धोक्याचे आहे, का ते ऐका' असे पुराव्यानिशी सांगायचे, नाहीतर परवानगी द्यायची. दोन्ही न करता वीस वर्षे फाईल फिरवत ठेवणे हा जगातला सर्वात महाग निर्णय आहे.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मात्र आपणही हात वर करून चालणार नाही. पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. कडेने ती लावायची, म्हणजे अळीत प्रतिकार लवकर तयार होत नाही. किती जणांनी लावली? बहुतेकांनी ती बांधावर फेकली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरतड ठेवून आपण अळीला बारमाही खानावळ काढून दिली. २०१७ मध्ये विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली, तेव्हा सगळा दोष कंपनीवर ढकलण्यात आला. दोष तिथे होताच आणि संकरितात तो अधिक होता, कारण संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत बीटीचे विष असते आणि काहीत नसते, अळीला आयता सराव होतो. पण विद्यापीठांचे कर्मचारी हे सांगायला गावात किती वेळा आले आणि आले तेव्हा आपण किती वेळा ऐकले, हेही विचारावे लागेल. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. उत्पादकतेच्या कोणत्या रकान्यात ते लिहायचे?

आता बाजाराकडे येऊ. पिकवण्याची उमेद भावातून येते आणि भावाचा भरवसा धोरणातून. महाराष्ट्रात १९७२ पासून तीस वर्षे एकाधिकार खरेदी योजना होती. आपल्याच राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या राज्यात कापूस नेणारा शेतकरी तस्कर ठरत होता. २००२ मध्ये ती मक्तेदारी संपली. ती संपली तरी सवय गेली नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने एका फटक्यात कापूस निर्यात बंद केली. इतका गदारोळ झाला की आठवडाभरात बंदी मागे घ्यायची वेळ आली, पण बाजार बसायला आठवडा पुरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के कर लावला. भाव चढताच १४ एप्रिल २०२२ ला तो माफ केला, ऑक्टोबरअखेरपर्यंत. पुन्हा लागू झाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापड निर्यातदार घाबरले आणि १९ ऑगस्टला सरकारने कापसावरचा आयात कर माफ केला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमची पहिली वेचणी दसऱ्याला, दुसरी दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस घरात यायचा जो काळ, तेवढाच नेमका दरवाजा उघडा.

खुल्या आयातीला माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्याला निर्यातीचे स्वातंत्र्य हवे, त्याने आयातीचे स्वातंत्र्य नाकारू नये. पण दरवाजा वर्षभर, सगळ्यांसाठी, दोन्ही बाजूंनी उघडा असला पाहिजे. भाव चढले की निर्यातीला कुलूप आणि आयातीला किल्ली, याला कोणी खुला बाजार म्हणू नये. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला आणि त्याच हंगामात आयात मोकळी केली. एका हाताने आधार द्यायचा, दुसऱ्या हाताने पाय ओढायचा. मग हमीभावाने विकायचे तर ॲपवर नोंदणी करा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणा, केंद्र उघडायची वाट पाहा. ज्याला दिवाळीआधी उधारी फेडायची असते, तो वाट कसली पाहतो?

यावर उत्तर येते, की कापूस स्वस्त नसेल तर आपल्या गिरण्या जगाशी स्पर्धा कशी करणार? या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. बांगलादेश आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा जास्त तयार कपडे निर्यात करतात. दोघांकडे नाव घेण्याजोगा कापूस पिकत नाही. जवळजवळ सगळा ते विकत आणतात, जहाजाचे भाडे भरून. कापूस स्वस्त असण्याने स्पर्धा जिंकता आली असती, तर आपला देश केव्हाच पहिला आला असता. ते देश पुढे गेले ते मोठे कारखाने, बंदरात न अडकणारा माल, वेळेवर भरलेली ऑर्डर आणि युरोपच्या बाजारात मिळवलेली करसवलत यांच्या जोरावर. आपल्याकडे ही सगळी कामे रेंगाळली आणि त्यांची भरपाई म्हणून कापूस उत्पादकाचा भाव कापला गेला. देशाची स्पर्धाक्षमता शेतकऱ्याच्या ताटातून काढून गिरणीच्या ताटात वाढायची, ही जुनी रीत. ओईसीडीने भारतीय अभ्यासकांबरोबर केलेला अहवाल २०१८ मध्ये निघाला. २००० ते २०१६ या काळात धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचे सरासरी उत्पन्न चौदा टक्क्यांनी कमी झाले, असा त्याचा हिशोब होता. सगळ्या अनुदानांची बेरीज धरून. आपण ज्याला उणे सबसिडी म्हणत आलो, ती परक्यांच्या वहीतही निघाली.

एक लहानशी वाटणारी गोष्ट सांगतो, जिच्यात सरकारचे खरे काम दडले आहे. आपण कापूस विकतो तो वजनावर आणि नजरेवर. व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो, ओलावा, कवडी, कचरा यावर भाव बोलतो. पण त्याला विकत घ्यायची असते रुई. एका क्विंटलमधून कोणाची ३३ किलो रुई निघते, कोणाची ३७. रुईचा भाव किलोला १५० रुपये धरला तर चार किलोचे ६०० रुपये होतात. सरकी चार किलोने कमी निघते, तिचे दीडशे वजा करा. तरी साडेचारशे रुपयांचा फरक राहिला. तो चांगले वाण पेरणाऱ्याला मिळत नाही, म्हणून चांगले वाण पेरण्याचे आणि स्वच्छ वेचण्याचे कारणच उरत नाही. अमेरिकेत जवळपास प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो. धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा, कचरा सगळे मोजले जाते आणि त्याची फी शेतकरी देतो. त्या चिठ्ठीवर गाठ जगात कुठेही विकली जाते. आपल्याकडे गाठींच्या गुणवत्तेचा आदेश २०२३ मध्ये निघाला आणि मग अंमलाची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. तालुक्याच्या बाजारात रुईचा उतारा काढून देणारे एक लहान यंत्र आणि त्यावर विश्वास ठेवता येईल असा एक माणूस बसवायला किती खर्च येतो? एका जाहिरातीहून कमीच असावा.

ज्वारीबद्दल थोडक्यात. साठ-सत्तरच्या दशकात सरकार ज्वारीवर लेव्ही लावून घरातून धान्य उचलत होते. मग रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर एक रुपया किलो लिहिला आणि जानेवारी २०२३ पासून सगळे धान्य फुकट झाले. त्याच २०२३ ला भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारीला 'श्री अन्न' ही पदवी मिळाली. महाराष्ट्रात एके काळी साठ लाख हेक्टरांवर असलेली ज्वारी आता त्याच्या तिसऱ्या हिश्शातही नाही. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडते, हे दुखणे पहिल्या संकरित ज्वारीपासूनचे, म्हणजे १९६४ पासूनचे. बुरशीला न जुमानणारा, भाकरीला गोड आणि कडब्याला चांगला असा वाण मिळाला असता तर लोकांनी ज्वारी सोडली नसती. रब्बीत आजही पसंती कोणाला? मालदांडीला. ती निवड मोहोळच्या केंद्रात इंग्रजांच्या अमदानीत झाली. शेतीतून निघणाऱ्या शंभर रुपयांपैकी अर्धा रुपयाही देश शेती संशोधनावर खर्च करत नाही. ब्राझील एक रुपयाहून जास्त करतो. पदव्या वाटण्यात आपण मागे नाही म्हणा.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, सरकारने फक्त बाजूला व्हावे, बाकी शेतकरी पाहून घेईल. या वाक्यावर सभा जिंकता येते. मी स्वतः जिंकल्या आहेत. पण कोरडवाहूचे सरळ वाण कोणती खाजगी कंपनी काढील? ज्याचे बी शेतकरी घरी राखणार, त्यात तिला पैसा कुठला? जागतिक व्यापार संघटनेत वकील कोण उभा करणार? वजनकाट्यावर आणि औषधाच्या बाटलीवर नजर कोण ठेवणार? पावसाळ्यात गाडी रुतणार नाही असा पाणंद रस्ता कोण करणार? ही कामे सरकारचीच आहेत आणि नेमकी हीच त्याने सोडली. जिथे त्याचे काम नाही, म्हणजे भाव पाडणे, हद्दी घालणे, बियाण्याची परवानगी कोंडून ठेवणे, तिथे मात्र ते चोवीस तास हजर असते.

नव्या उत्पादकता अभियानात अतिलांब धाग्याच्या कापसावर भर द्यायचे म्हटले आहे. हा कापूस मुळात भारी जमिनीचा, ओलिताचा आणि लांब मुदतीचा. गिरण्यांना तो हवा आहे, त्यात गैर काही नाही. पण महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा कापूस कोरडवाहू आहे. या अभियानातून हलक्या-मध्यम जमिनीसाठी दीडशे दिवसांच्या आत येणारी सरळ वाणे किती निघणार आणि ती कोणत्या हंगामात आपल्या हाती पडणार, हे लेखी मागायचे आहे. तेवढ्यासाठीच या वेळची जिल्हा बैठक ठेवली आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार गोष्टी आणाव्यात. कोणते वाण कोणत्या जमिनीत पेरले आणि एकरी पाकिटे किती लागली. पहिली वेचणी कोणत्या तारखेला झाली आणि एकूण किती वेचण्या झाल्या. विक्रीच्या काटापट्ट्या, त्यात कपात लावली असेल तर ती कशापोटी हे मागे लिहून. आणि शक्य असेल तर जवळच्या जिनिंगमधून एका क्विंटलचा रुईचा उतारा वजन करून घ्यावा. कागद फाटका असला तरी चालेल, आकडा खरा हवा. पन्नास गावांचे असे कागद जमले की कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना बैठकीत बोलावून ते त्यांच्यासमोर मांडू. त्यांच्याकडे जिल्ह्याची सरासरी असेल, आपल्याकडे शेतांची नावे असतील. काटापट्टीची मूळ प्रत देऊ नका, झेरॉक्स द्या.